फुकटचा कोड उचलण्याआधी ‘लायसन्स’ फाइल उघडा
कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करताय आणि इंटरनेटवरचा फुकट कोड घेताय? आधी त्यातली वापराच्या अटींची ‘लायसन्स’ फाइल शेवटपर्यंत वाचा. वर एमआयटी हे ओळखीचं, जवळपास काहीच अटी न घालणारं लायसन्स लिहिलेलं असलं तरी खाली ‘कोळसा, तेल काढणाऱ्या कंपन्यांनी वापरू नये’ अशी ओळ जोडलेली असू शकते. हेतू चांगलाच. पण लोखंड वितळवायला कपोला भट्टीत कोळशापासूनचा कोक जाळणारं आपलं गिऱ्हाईक त्यात येतं का, हे ठरवणार कोण? शिवाय अशी अट आली की ते ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला मोकळं, उरत नाही. ओपन सोर्सच्या ठरलेल्या व्याख्येचं सहावं कलम कुठल्याही धंद्याला मनाई करू देत नाही. जीपीएल हे लायसन्स तर कोड पुढे देताना अशा जादा अटी घालूच देत नाही; त्यामुळे जीपीएलच्या कोडात असा कोड मिसळून कुणाला देऊच नका. पंचगंगा नदीच्या प्रदूषणाची काळजी असेल, तर तशी अट गिऱ्हाइकाबरोबरच्या करारात घाला.