उताराच्या स्थिरतेचं विश्लेषण करताना या चुका टाळा

सॉफ्टवेअर सुरक्षा गुणांक (मातीची ताकद भागिले घसरवणारं बल; 1 च्या खाली गेला की उतार पडतो) 1.32 दाखवतं, तो आकडा अहवालात जातो आणि एका मोठ्या पावसात तोच उतार खाली येतो. मग चर्चा सुरू होते ती गुणांक काढण्याच्या पद्धतीची: बिशप वापरायला हवी होती की मॉर्गनस्टर्न-प्राइस? स्लिप सरफेस, म्हणजे ज्यावरून माती घसरते तो पृष्ठभाग, वर्तुळाकार असेल तर या दोन पद्धतींच्या उत्तरांत फरक सहसा काही टक्क्यांचाच पडतो. मातीतल्या पाण्याचा दाब चुकीचा धरला तर मात्र उत्तर निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून आधी पाणी तपासा, पद्धतीचं नंतर बघू.

एक गणित कागदावर करून बघा. कोहीजन (कणांची आपसातली चिकटण्याची ताकद) शून्य आणि घर्षणकोन (कणांमधलं घर्षण दाखवणारा कोन) 34 अंश असलेली माती कोरडी असताना 34 अंशांच्या उतारापर्यंत तग धरते. पाणी पृष्ठभागापर्यंत चढून उताराला समांतर झिरपू लागलं की गुणांक जवळपास अर्धा होतो. मग तीच माती साधारण 19 अंशांपलीकडे टिकत नाही. मातीतला एक कणही बदललेला नसतो.

फुकटचं कोहीजन

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, असं मला वाटतं. ट्रायॲक्सियल चाचणी (नमुना सगळीकडून दाबून तो मोडेपर्यंत भार देणारी) सवयीनं 100, 200 आणि 300 किलोपास्कलवर होते, ताण आणि ताकद यांच्या आलेखावरच्या बिंदूंमधून सरळ रेषा ओढली जाते आणि ती अक्षाला जिथे छेदते ते 5 किलोपास्कल कोहीजन म्हणून मॉडेलमध्ये जातं. पाच म्हणजे किरकोळच, असं वाटतं. पण 30 अंशांच्या उतारावर 2 मीटर खोलीची घसरण असेल आणि मातीचं वजन घनमीटरला 20 किलोन्यूटन असेल, तर हे पाच किलोपास्कल गुणांकात सुमारे 0.29 ची भर घालतात. 20 मीटर खोल घसरणीत हीच भर 0.03 इतकी नगण्य होते. म्हणजे उथळ घसरणीत तुमचा उतार ‘सुरक्षित’ ठरतो तो बहुतेकदा या एका आकड्यामुळे.

त्या 2 मीटर खोलीवर प्रत्यक्ष लंब ताण असतो जेमतेम 30 किलोपास्कल. चाचणी त्याच्या आसपासच्या ताणावर करा, कारण कमी ताणाला ती रेषा खाली वळलेली असू शकते. नमुना पूर्ण संपृक्त करा. अर्धवट ओल्या नमुन्यात दिसणारी ताकद बरीचशी सक्शनची (कणांमधल्या थोड्या पाण्याच्या ओढीची) असते आणि पाऊस मुरला की ती जाते.

जुन्या घसरणीला नव्या मातीची ताकद

आधी कधीतरी सरकलेल्या चिकणमातीच्या उताराला शिखर-ताकद (न सरकलेल्या मातीची कमाल ताकद) लावू नका. मोठ्या सरकण्यानंतर चिकणमातीचे चपटे कण घसरणीच्या दिशेला समांतर होतात आणि फक्त अवशिष्ट ताकद उरते. मृदा-अभियंते स्केम्प्टन यांनी 1964 च्या रँकिन व्याख्यानात हा मुद्दा ठळकपणे मांडला होता. ही ताकद मोजायला रिंग शिअर चाचणी (कडीच्या आकाराचा नमुना सतत फिरवत कातरणारी) करा. पायथा खोदण्याआधी तर नक्कीच.

बॅक-ॲनालिसिसचा भ्रम

बॅक-ॲनालिसिस म्हणजे पडलेल्या उतारावरून उलट गणित करून मातीची ताकद काढणं. उतार पडला तेव्हा गुणांक 1 होता, इतकंच त्यातून आपल्याला कळतं. समीकरण एक, अज्ञात तीन: कोहीजन, घर्षणकोन आणि पाण्याचा दाब. एक जोडी जुळली म्हणून ती खरी ठरत नाही. घर्षणकोन प्रयोगशाळेतून घ्या, पाण्याची शक्य पातळी जागेवरच्या खुणांवरून ठरवा आणि उरलेलं गणितावर सोडा.

पायझोमीटर शांत, पण उतार सरकतोय

अशा वेळी पायझोमीटरचं (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचं) टोक नेमकं कुठे बसवलंय ते पाहा. घट्ट थरावर साचलेलं तात्पुरतं पाणी त्याखालच्या पायझोमीटरला दिसतच नाही. चिकणमातीत उघड्या नळीचा पायझोमीटर फार उशिरा प्रतिसाद देतो. तिथे व्हायब्रेटिंग वायर (तारेच्या कंपनावरून दाब मोजणारा) प्रकार बरा. आणि सॉफ्टवेअरनं काढलेलं क्रिटिकल वर्तुळ (सर्वांत कमी गुणांकाचा स्लिप सरफेस) शोधक्षेत्राच्या कडेला चिकटलेलं दिसलं तर क्षेत्र वाढवून मॉडेल पुन्हा चालवा.

‘पडेल का?’ यावरच थांबणं

सुरक्षा गुणांक वेग सांगत नाही. संशोधक आयव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या प्रयोगांत सुमारे 0.5 सच्छिद्रतेची (एकूण आकारमानात पोकळीचा वाटा) सैल माती साधारण सेकंदभरात, सेकंदाला मीटरहून जास्त वेगानं सुटली. 0.4 च्या आसपासची घट्ट माती मात्र हळूहळू सरकत राहिली. सैल माती सरकताना दबते, त्यामुळे पाण्याचा दाब वाढतो आणि ती द्रवासारखी वाहू लागते. म्हणून सच्छिद्रता मोजल्याशिवाय डेब्री फ्लोचा (चिखल-दगडांच्या वाहत्या लोंढ्याचा) अंदाज बांधू नका.

मागच्या घटनेवर पॅरामीटर बसवून पुढची घसरण किती दूर जाईल याची मर्यादा आखणंही धोक्याचं. अमेरिकेतल्या ओसोजवळच्या उताराची 2006 मधली घसरण नदी अडवून थांबली होती. 2014 मध्ये तोच उतार दरी ओलांडून एक किलोमीटरहून दूर गेला आणि 43 माणसं गेली. आकारमान दुप्पट, चौपट धरूनही पल्ला काढा. वाटेत लोंढा तळ खरवडून फुगतो, हेही मॉडेलमध्ये घ्या.

एयूसी 0.95 पाहून हुरळून जाणं

एयूसी म्हणजे मॉडेल दोन गट किती नीट वेगळे करतं ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे अचूक. मशीन लर्निंगच्या प्रवणता नकाशांत (कुठे दरड कोसळण्याची शक्यता जास्त ते दाखवणाऱ्या) एकाच दरडीचे पिक्सेल प्रशिक्षणात आणि चाचणीतही गेले, तर मॉडेल शिकत नाही, ओळखीची जागा परत ओळखतं. विभागणी दरडीनुसार किंवा प्रदेशानुसार करा. तसंच, ‘दरड नाही’ असे बिंदू सपाट मैदानातून घेतले असतील तर मॉडेल फक्त उतार आणि सपाटी वेगळी करत असतं. ते बिंदू काढून मॉडेल पुन्हा चालवा आणि एयूसी किती खाली आला ते अहवालात लिहा.