पोर्तुगालला कॅम्परव्हॅनने फिरायचंय? आधी रात्रीचे मुक्काम ठरवा, रस्ता नंतर

बेळगावातनं गोव्याला जायचं म्हटलं की आपण डिझेल भरतो आणि चोर्ल्याला लागतो, राहायचं कुठं ते पणजीत पोचल्यावर बघू म्हणतो. पोर्तुगालला कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरताना हे चालत नाही बघा. आम्ही दोन जोडप्यांनी मे महिन्यात दहा दिवसात लिस्बनहून समुद्राच्या कडेकडेनं नैऋत्य टोकाचं सग्रेस आणि आतल्या बाजूनं परत असं केलं, आणि आल्यापासनं खडेबाजारात भेटेल तो विचारतोय कसं केलं, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

देश छोटा आहे, उत्तर-दक्षिण साधारण 560 किमी, म्हणजे बेळगाव ते मुंबई आणि वर थोडं. म्हणून सगळ्यांना वाटतं उत्तरेचं पोर्तोपण करू, मधलं नाझारेपण करू, दक्षिणेचं आल्गार्व्हपण करू. करू नका. दहा दिवसात एकच बाजू धरा, आणि कागद घेऊन आधी दहा रात्री लिहून काढा, कुठली रात्र कुठल्या गावात. व्हिसालाही तेच लागतंय. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसाच्या अर्जात प्रत्येक रात्र कुठं राहणार ते दाखवावं लागतं, नुसतं व्हॅनचं बुकिंग लावून "फिरत राहणार" म्हटलं तर प्रश्न येतात, म्हणून आम्ही व्हॅनच्या पावतीसोबत कॅम्पसाइटची, म्हणजे व्हॅन आणि तंबूंसाठीच्या भाड्याच्या तळांची, रद्द करता येणारी बुकिंगं जोडली. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी तरी पाहिजेच, पण एवढं काठावर ठेवू नका. 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा आहे.

आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे, ती नीट बघा. इकडं शाळेच्या मार्क्स कार्डवर नाव आणि पुढं इनिशियल, आडनावच नाही, पासपोर्टवर पूर्ण नाव, लायसन्सवर तिसरंच स्पेलिंग, असं घरोघरी आहे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतनं मिळतं, एक वर्ष चालतं, पण त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळलंच पाहिजे. आमच्यातल्या एकाचं जुळलं नाही, लायसन्स दुरुस्त करण्यात दीड महिना गेला. व्हॅन ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डपण त्याच्याच नावाचं लागतं, कारण डिपॉझिट त्यावर अडकवतात. मूळ लायसन्स सोबत ठेवा, नुसतं परमिट चालत नाही.

आता मुक्काम. जिथं समुद्र छान दिसला तिथं गाडी लावून झोपायचं हे व्हिडिओत दिसतं, कायद्यात नाही. 2021 पासून नियम असा आहे की कॅम्पसाइटसारख्या परवानगीच्या जागा सोडून व्हॅनमध्ये रात्र काढायला एका कोन्सेल्योत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागात, जास्तीत जास्त 48 तास, आणि संरक्षित जंगल किंवा किनारपट्टीच्या राखीव भागात परवानगीच्या जागा सोडून अजिबात नाही. गंमत अशी की आपल्याला जो किनारा बघायचा असतो, सिनिशच्या खालून सग्रेसच्या पुढपर्यंत, तो जवळजवळ सगळा नॅचरल पार्कमध्ये येतो. म्हणून दिवसभर कड्यावर बसा, चहा करा, आणि संध्याकाळी कॅम्पसाइटला या. तिथं पाणी, वीज, गरम अंघोळ, टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा सगळं मिळतं, आणि शेजारी जर्मन आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसलेले असतात, त्यांच्याकडनं पुढच्या गावाची खरी माहिती मिळते.

व्हॅन घेताना उंची विचारा. आमची साधारण पावणेतीन मीटर होती, आणि बीचच्या बऱ्याच पार्किंगला दोन मीटरवर लोखंडी आडवा बार असतो. एका ठिकाणी अरुंद रस्त्यानं शेवटपर्यंत गेलो, समोर बार, मागं चार गाड्या. वळायला जागा नाही. बायको खाली उतरून एकेका गाडीवाल्याला हात करत मागं घेत गेली तेव्हा अर्ध्या तासानं सुटलो. म्हणून मुक्कामासारखंच पार्किंगही आदल्या रात्री मॅपवर फोटो बघून ठरवा. पंपावर गाझोलिना म्हणजे पेट्रोल आणि गाझोलियू म्हणजे डिझेल, दोन्ही शब्द सारखेच वाटतात, व्हॅन बहुतेक डिझेलची असते, झाकणावर लिहिलेलं वाचल्याशिवाय नोझल लावू नका. बाकी भाषेला घाबरू नका, पाव, बादली, चावी हे आपले शब्द तिकडचेच, बेकरीत "पाव" म्हटलं तरी समजून घेतात. गाडी उजवीकडनं चालवायची, पहिले दोन दिवस शेजारी बसणाऱ्यानं प्रत्येक सर्कलला "उजवीकडं, उजवीकडं" म्हणत राहायचं. गावात 50, बाहेर 90.

पाण्याचा हिशेब मात्र इथनंच शिकून जा. आम्ही जायच्या आधी मित्राची ट्रॅव्हलर मागून घेतली, मागच्या सीट काढून गाद्या टाकल्या आणि कणकुंबीला एक रात्र काढली, वीस लिटरचे दोन कॅन घेऊन. रात्री भांडी घरच्यासारखी धार सोडून धुतली, तेलकट कढई तीनदा विसळली, सकाळी तोंड धुवायला कॅन वाकडा केला तर तळातला गाळ आला. चाळीस लिटर, चौघं, एक रात्र. तिकडं टाकी शंभर लिटरची होती आणि ती आम्हाला दोन दिवस पुरली, कारण ताट आधी कागदानं पुसायचं, मग अर्ध्या टबात धुवायचं, अंघोळ कॅम्पसाइटवरच.

खाण्यात एक लक्षात ठेवा, कुंदा न्यायचा नाही. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बाहेरून युरोपात प्रवाशाच्या सामानातनं नेता येत नाहीत, तूपसुद्धा नाही. आम्ही पोहे, रवा, मेतकूट, चटणी आणि घरचा मसाला नेला. तिकडचे सार्डिन आपल्या तारल्यांसारखेच, संध्याकाळी बाजारातनं आणून तव्यावर टाकले की काम झालं, पण व्हॅनमध्ये फोडणी देताना छताची खिडकी उघडी ठेवा, आणि झोपताना गॅसचा नळ बंद.

सीझन म्हणाल तर मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला कॅम्पसाइट भरलेल्या, आतल्या आलेंतेजू भागात ऊन चाळिशीच्या वर. पाणी मात्र कायम थंडगार, गोव्याच्या समुद्रासारखं तासभर डुंबणं होत नाही.

आमच्या रात्री अशा: लिस्बनजवळ एक, सेतुबाल एक, पोर्तो कोव्हो एक, मिलफोन्तिश दोन, ओदेसायश एक, सग्रेस दोन, मग आतनं एव्होरा दोन. वाटेत सिनिश लागतं, वास्को द गामाचं गाव. सगळ्यात जास्त वेळ काबो सार्दाओ या समुद्रकाठच्या कड्याला ठेवा. तिथं समुद्रातनं वर आलेल्या सुळक्यांवर पांढरे करकोचे घरटी करून बसतात, खाली लाटा आपटतायत आणि वर पिल्लं चोच उघडून, आम्ही अर्ध्या तासासाठी थांबलो होतो आणि दुपार गेली.

व्हॅन परत देताना डिझेल फुल, टॉयलेटची टाकी रिकामी आणि धुतलेली, आणि घेतानाचे चारी बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवा, आमच्या दारावरचा जुना ओरखडा त्यावरच मिटला.