बर्फ नसला तरी गवतावर पळंल अशी स्नर्फर फळी घरी कशी बनवायची

दिवाळीनंतर बालाघाटाच्या डोंगरात कुसळी गवत वाळलं की उतारावर चप्पल टिकत नाही, ज्यानं लहानपणी गुरं राखलीत त्याला हे सांगायची गरज नाही. मग घसरायला बर्फच कशाला पाहिजे? आजच्या स्नोबोर्डची, म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायच्या फळीची, आजी म्हणावी ती फळी पण घरीच झाली होती. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेननं लेकींना खेळायला म्हणून दोन स्की (बर्फावर घसरायला पायाला बांधतात त्या लांब पट्ट्या) शेजारी ठेवल्या आन आडव्या पट्ट्या ठोकून जोडून टाकल्या, त्याच्या बायकोनं स्नो (बर्फ) आणि सर्फ (लाटांवर फळीनं घसरणं) मिळवून नाव ठेवलं स्नर्फर. मला ह्या माणसाचं लई कौतुक वाटतं.

तर आपली फळी. ४ एमएमच्या प्लायचे तीन तुकडे घ्या, लांबी ४ फूट, रुंदी ९ इंच, फर्निचरवाल्या सुताराकडं उरलेले मिळतात, सोबत तेवढाच सनमाइकाचा गुळगुळीत तुकडा पण मागून घ्या. एकच जाड प्लाय घेतला तर नाक, म्हणजे पुढचं टोक, वाकत नाही, म्हणून पातळ थर. पाण्यानं न सुटणारा फेव्हिकॉल लावून चारी थर एकावर एक ठेवा, सनमाइका सगळ्यात खाली, गुळगुळीत बाजू जमिनीकडं, मग पुढच्या टोकाखाली ४ इंचाचा ठोकळा सरकवून त्याच्या १० इंच मागं शिकंज्यानं (क्लॅम्पनं) टेबलाला आवळा आणि मागच्या भागावर विटा रचा, टोकावर पण एक शिकंजा पाहिजेच नाहीतर थर उघडतात. पूर्ण एक दिवस हात लावू नका. चिकटवताना वाकवलेला थर वाळल्यावर तसाच राहतो, पुढं स्नोबोर्डची कंपनी काढणाऱ्या जेक बर्टननं पण सुरुवातीच्या बोर्डासाठी लाकडाचे थर असेच चिकटवले होते.

सुटल्यावर नाक करवतीनं गोल कापा, कडा काच पेपरनं घासा. वरून पाय सरकू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. जुन्या स्नर्फरवर ह्याच कामासाठी पिना ठोकलेल्या असायच्या, पण लेकरं पडतात तेव्हा पिना बोचतात, ट्यूबच बरी.

आता दोरी. नाकाला भोक पाडून कमरेपर्यंत येईल एवढी सुती दोरी बांधा, स्नर्फरला पण अशीच दोरी होती, तोल सांभाळायला आधार होतो आणि पडलो तर फळी एकटी पळून जात नाही. बर्टनला १४ व्या वर्षी स्नर्फर मिळाली होती, १९७७ ला त्यानं व्हर्मांटमध्ये स्वतःची कंपनी काढली, शंभरेक नमुने करून बघितले, आणि पाय फळीला बांधायची बाइंडिंग आणली. १९७९ ला मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत तो बाइंडिंगवाली फळी घेऊन आला तर बाकीच्यांनी हरकत घेतली, शेवटी त्याच्यासाठी वेगळा गट करावा लागला. बर्फावर बाइंडिंगनं फळी नीट वळवता येते, ते खरंच मोठं काम आहे. पण आपल्याकडं खाली मुरूम आणि दगड, पाय मोकळेच पाहिजेत म्हणजे उडी मारून उतरता येतं. पाय बांधू नका.

उतार निवडताना आधी वरपासून खालपर्यंत चालून काठीनं गवत झोडपा, घोणस असू शकते, दगड वेचून बाजूला टाका. खाली सपाट रान पाहिजे, बांध, विहीर, तारेचं कुंपण नको. मेणबत्ती सनमाइकावर सगळीकडं घासून फडक्यानं चोळा, चार-पाच फेऱ्यांनी परत घासा. बूट, जाड फुलपँट, गाडीचं हेल्मेट घाला. पहिल्या दोन फेऱ्या बसूनच, मग उभं राहायचं, डावा पाय पुढं, गुडघे वाकवलेले, दोरी हातात सैल. वेग जास्ती वाटला तर ताठ होऊ नका, खाली बसा. आणि दंव असलेल्या सकाळी जाऊ नका, दुपारी अकरानंतर गवत कडकडीत वाळलं की मग बघा.