स्टेजवरची चार मिनिटं आणि विंगेतला बाप

मुलीच्या नाचाच्या पहिल्या कार्यक्रमात मी दुसऱ्या रांगेत बसून हातांनी स्टेप्स दाखवत होतो. ती सहा वर्षांची होती, म्हटलं आधार वाटेल. तिने माझ्याकडे पाहिलं, माझे हात पाहिले आणि जागीच थबकली. समोरून दाखवताना माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकीच्या मुली गोल फिरत राहिल्या आणि ही मधोमध खांबासारखी. त्यानंतर बाईंनी मला विंगेत मदतीला घेतलं. लक्ष ठेवायला सोपं जावं म्हणून असणार. तिथे सात वर्षं काढून जे कळलं ते सांगतो.

कार्यक्रमाने मुलं धीट होतात असं सगळेच म्हणतात. होतात काही, काही नाही होत. मला त्याची किंमत वेगळ्याच ठिकाणी दिसते. वर्गात चुकलं की बाई गाणं थांबवतात, गृहपाठात चुकलं की खोडरबर असतो. स्टेजवर गाणं थांबत नाही आणि मोठं माणूस मध्ये पडू शकत नाही. चुकल्यावर पुढे काय करायचं, ते मुलालाच ठरवावं लागतं. घरची सगळी तयारी त्या क्षणासाठी करायची.

सुरुवात सरावापासून. आम्ही घरी नेहमी गाणं पहिल्यापासून लावायचो. त्यामुळे पहिलं कडवं झोपेतही यायचं आणि शेवटचं कायम कच्चं. शिवाय मध्येच धागा सुटला की तिला तो पकडता येत नसे, कारण मधून सुरू करायची सवयच नव्हती. आता गाणं कुठूनही लावतो, तिने दोन-तीन मात्रांत आपली जागा शोधायची. महिनाभर रोज दहा मिनिटं हा खेळ पुरतो.

नाच पक्का का हवा, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांच्या १९६५च्या मांडणीत सापडतं: बघणारं कोणी असलं की अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं काम अधिक बिघडतं. पुढे १९६९मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवरही तपासलं. इतर झुरळं ‘बघत’ असताना सरळ वाटेवरची झुरळं जास्त वेगाने पळाली, वळणाच्या वाटेवरची रेंगाळली. म्हणून शेवटच्या आठवड्यात बाईंना नवी स्टेप घालायचा मोह झाला, तर पालकांनी नम्रपणे कुरकुर करायला हरकत नाही.

आरशाचंही तसंच. वर्गात समोर आरसा असतो, स्टेजवर समोर अंधार आणि डोळ्यांवर दिवे. शेवटचे पंधरा दिवस आरशाकडे पाठ करून नाचायला लावा. बाईंचा व्हिडिओ बघून सराव होत असेल, तर तो त्यांच्या पाठीमागून काढून घ्या. समोरून काढलेल्या व्हिडिओत डावं-उजवं उलटतं. माझ्या हातांनी जे केलं तेच मोबाइलही करतो.

मग चुकायची तालीम. ती नाचत असताना मी मुद्दाम खोकतो, डबा पाडतो, दिवा बंद करतो. नियम एकच: पाय थांबवायचे नाहीत. स्टेप आठवली नाही तर तालावर पाय टाकत राहायचं, शेजारणीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं आणि पुढची ओळ आली की आत शिरायचं.

कपडे रंगीत तालमीच्या आधी घरी घालून बघा आणि नुसते आरशापुढे नाही. हात वर, खाली बसणं, उडी, गिरकी, सगळं करून बघा. सेफ्टी पिनेवर विसंबू नका, हूक शिवा. मी शिवायला शिकलो तो याच पायी. आणि पूर्ण पोशाख चढवण्याआधी बाथरूमला नेऊन आणा. हे वाक्य मी विंगेच्या दारावर लिहून लावलेलं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी पोटभर खायला घालू नका, पण उपाशीही ठेवू नका. मेकअप जवळून भडक दिसतो म्हणून पुसायला जाऊ नका, दिव्यांखाली चेहरा सपाट दिसतो म्हणून तो तसा केलेला असतो. आणि ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. छाती धडधडते आहे हे मुलाला कळत असतं, तुम्ही ते नाकारून उपयोग नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४च्या एका प्रयोगात भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. तो प्रयोग मोठ्यांवरचा होता, पण विंगेत मी मुलांना विचारतो, ‘धडधडतंय ना? म्हणजे अंग तयार झालं.’ काहींना पटतं. एका चिमुरडीने ‘नाही’ म्हणून माझा शर्ट धरून ठेवला होता. तिला आम्ही ढकललं नाही. तिने विंगेतच, पडद्याआड, पूर्ण नाच केला. पुढच्या वर्षी ती बाहेर आली.

तुम्ही कुठे बसायचं? मुलाला तुमचा चेहरा दिसणार नाही इतकं मागे. हात मांडीखाली. मोबाइल खिशात, चित्रीकरण बहुतेक ठिकाणी कोणीतरी करतच असतं.

नाच संपल्यावर घरी जाताना तिसऱ्या ओळीत काय चुकलं ते काढू नका. तिला ते तुमच्या आधी कळलेलं असतं. ‘छान झाला’ म्हणूनही विषय मिटवू नका. नेमकं एखादं सांगा: ‘ओढणी सुटली तेव्हा तू ती एका हाताने धरून गिरकी घेतलीस, ते मी पाहिलं.’ बाकी तीच सांगेल, कधी दोन दिवसांनी, दात घासताना.

घरी पोचल्यावर केसांतल्या पिना मोजून काढा. आमच्या चोवीस जातात. एकदाही चोवीस परत आलेल्या नाहीत.