शेल स्क्रिप्ट पॉझिक्स प्रमाणानुसार कशी लिहावी

एका यंत्रणेवर सुरळीत चालणारी शेल स्क्रिप्ट दुसरीकडे अडखळते, तेव्हा बहुधा तिच्या पहिल्या ओळीत एसएच (sh, म्हणजे पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या सामाईक प्रमाणातला, आज्ञा चालवणारा साधा शेल) लिहिलेले असते आणि खालचा मजकूर मात्र बॅशचा (bash, जादा सोयी असलेल्या शेलचा) असतो. उबुंटूने २००६ साली आणि डेबियनने २०११ साली एसएचच्या जागी डॅश हा छोटा, वेगवान शेल आणल्यापासून ही गफलत लपत नाही. स्क्रिप्टला बॅशच्या सोयी खरोखर हव्या असतील, तर पहिल्या ओळीत सरळ बॅशचेच नाव द्यावे. मात्र मॅकओएससोबत अजूनही बॅशची ३.२ ही जुनी आवृत्ती येते आणि तिच्यात असोसिएटिव्ह ॲरे (क्रमांकाऐवजी नावाने मूल्ये साठवणाऱ्या याद्या) नाहीत, हे लक्षात ठेवावे.

एसएचच ठेवायचे असेल, तर चाचणी डॅशमध्ये घ्यावी. बॅशच्या पॉझिक्स मोडवर विसंबू नये, कारण त्या मोडमध्ये काही वर्तन प्रमाणानुसार बदलत असले, तरी ॲरे (मूल्यांच्या याद्या) आणि अटी तपासणारे [[ ]] या जादा सोयी चालूच राहतात.

डॅशमध्ये ॲरे आढळला की व्याकरणाची चूक दाखवून स्क्रिप्ट थांबते. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. साध्या [ ] कंसात = ऐवजी == लिहिले, तर पडद्यावर तक्रार उमटते, पण इफ ती अट खोटी धरून पुढे जाते. सर्वांत घातक &> होय. बॅशमध्ये त्याने आउटपुट आणि त्रुटी दोन्ही फाइलमध्ये जातात; डॅश मात्र & वर आज्ञा तोडतो, ती पार्श्वभूमीत सोडून देतो आणि > मुळे फाइल रिकामी करतो, तेही चकार शब्द न काढता. त्याऐवजी > फाइल 2>&1 असे लिहावे.

ॲरेची उणीव सेट -- वापरून "$@" मध्ये (स्क्रिप्टला दिलेल्या मूल्यांच्या जागी) यादी ठेवल्याने बरीचशी भरून निघते, मात्र एका वेळी अशी एकच यादी मिळते. सोर्सऐवजी नुसता टिंब, <<< ऐवजी हिअर-डॉक्युमेंट (स्क्रिप्टमध्येच ओळींनी लिहिलेला इनपुट) आणि एकोऐवजी प्रिंटएफ वापरावे, कारण \n चा अर्थ एको प्रत्येक शेलमध्ये सारखा लावत नाही. दशांश गणित तर बॅशमध्येही नाही. ते ऑक (awk) या मजकूर हाताळणाऱ्या साधनाकडे सोपवावे. पाइपफेल (पाइपने जोडलेल्या आज्ञांपैकी एकही फसली, तर सगळी साखळी फसली असे धरणारा पर्याय) २०२४ च्या पॉझिक्स आवृत्तीत आले असले, तरी जुन्या शेलवर ते गृहीत धरू नये. याउलट लोकल (व्हेरिएबल फंक्शनपुरता ठेवणारी आज्ञा) प्रमाणात नसूनही डॅशमध्ये चालते, त्यामुळे तेवढ्यासाठी अट्टहास करण्याचे मला कारण दिसत नाही.