सीमाभागात कुष्ठरोगाचा आलेख मांडताना

बेळगाव जिल्ह्यातील कुष्ठरोगाच्या जुन्या नोंदींवर अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात घ्यावी: रजिस्टरमधील आकडा जितका रोगाचा असतो, तितकाच तो शोधमोहिमेचाही असतो.

अहवालांत सर्वांत जास्त मिरवले जाते ते दर 10,000 लोकसंख्येमागे उपचार घेत असलेल्या रुग्णांचे प्रमाण. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर ते 1 च्या खाली आले. परंतु एमबी (मल्टिबॅसिलरी, म्हणजे शरीरात जंतू जास्त असलेल्या) रुग्णाचा उपचार 24 महिन्यांवरून 12 महिन्यांवर आला, तेव्हा नवे रुग्ण तितकेच सापडत असतानाही रजिस्टर हलके होणारच होते. त्यामुळे दीर्घ काळाचा कल पाहताना मी वर्षभरात सापडलेल्या नव्या रुग्णांचे दर लाखामागील प्रमाण धरतो आणि त्याशेजारी दोन रकाने ठेवतो: 15 वर्षांखालील मुले आणि निदानाच्या वेळीच दृश्य विकृती असलेले रुग्ण. नवे रुग्ण घटले, पण त्यांतील विकृतीचा वाटा वाढला, तर रोग ओसरला असे न म्हणता शोध ढिला पडला काय, हे आधी तपासावे. 2020-21 ची घट तर कोविडमुळे थांबलेल्या घरभेटींसह वाचावी. मूल सापडले, की संसर्ग अलीकडे चालू असल्याची शंका घ्यावी, कारण लक्षणे दिसायला सरासरी 5 वर्षे लागतात.

खरी कसोटी सीमेवर लागते. निपाणीचा रुग्ण कागलला, खानापूरचा चंदगडला उपचार घेतो, तेव्हा तो कोणाच्या खात्यावर पडला हे दोन्ही राज्यांची रजिस्टरे समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यात एकीकडे नाव कन्नडमध्ये, दुसरीकडे मराठीत. विवाहितेच्या नोंदीत सासरचे गाव खोडून माहेरचे लिहिलेले दिसले, तर ती कारकुनाची चूक समजू नये. घरच्यांपासून आजार लपवण्याची ती धडपडही असू शकते. निपाणी, कागवाड, मूडलगी हे तालुके अलीकडचे, म्हणून जुन्या चिक्कोडी, अथणी, गोकाकशी थेट तुलना करू नये. गावनिहाय बेरीज नव्याने करावी, कंटाळवाणे असले तरी.

30,000 वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 2 चे 4 रुग्ण झाले, की दर दुप्पट दिसतो. तेथे तीन वर्षांची सरासरी काढावी, आणि मोहीम कोणत्या महिन्यात झाली हे आशाताईंना विचारून आलेखाखाली लिहावे.