त्रिमितीय मेशची जोडणी कमी बिटांत कशी साठवावी

त्रिकोणी मेशच्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या त्रिकोणांनी बनलेल्या पृष्ठभागाच्या, फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. शिरोबिंदू अवकाशात कोठे आहेत हे निर्देशांक सांगतात, तर कोणते तीन शिरोबिंदू मिळून त्रिकोण होतो हे जोडणी सांगते. या लेखात केवळ जोडणीचा विचार केला आहे. उदाहरणासाठी स्टॅनफर्ड बनी हे सशाचे सर्वपरिचित त्रिमितीय मॉडेल घेऊ. त्याच्या पूर्ण आवृत्तीत ३५,९४७ शिरोबिंदू आणि ६९,४५१ त्रिकोण आहेत. प्रत्येक त्रिकोणासाठी ३२ बिटांचे तीन क्रमांक लिहिल्यास जोडणीलाच ८,३३,४१२ बाइट लागतात. हीच जोडणी १७ हजार बाइटांच्या आसपास सहज बसते आणि काळजी घेतल्यास त्याहूनही कमी जागेत मावते.

पहिला निर्णय क्रमांकांचा आहे आणि माझ्या मते सर्वाधिक फायदा तेथेच होतो. शिरोबिंदूंचा मूळ क्रम जपण्याचा हट्ट सोडावा. डीकोडर, म्हणजे साठवलेली फाइल उलगडणारा प्रोग्राम, ज्या क्रमाने शिरोबिंदू पुन्हा उभे करील, त्याच क्रमाने निर्देशांक, नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) आणि रंग लिहावेत, म्हणजे क्रमांक साठवण्याची गरजच उरत नाही. मूळ क्रम कोणत्याही परिस्थितीत हवाच असेल, तर बनीसाठी केवळ त्या क्रमपर्यायाची, म्हणजे नव्या क्रमातला कोणता शिरोबिंदू मूळ क्रमात कितवा होता याची, नोंद सुमारे ५९ हजार बाइट घेते. प्रत्यक्ष जोडणीच्या तिपटीहून अधिक जागा अशा माहितीवर खर्च होते, जिचा आकाराशी काही संबंध नाही.

त्यानंतर मेश साफ करावी. ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून ती अनेकदा वगळली जाते आणि मग दोष कोडिंगच्या पद्धतीला दिला जातो. बनीमध्येही १,११३ शिरोबिंदू कोणत्याच त्रिकोणात नाहीत. ते काढल्यावर ३४,८३४ उरतात. एसटीएल या त्रिमितीय मॉडेलच्या फाइल प्रकारामध्ये तर प्रत्येक त्रिकोण आपले तीन शिरोबिंदू स्वतंत्र घेऊन येतो, त्यामुळे शेजारी कोण हे फाइलला ठाऊकच नसते. समान निर्देशांकांचे शिरोबिंदू आधी एकत्र करावेत. मात्र तुलना बिटांची करत असाल, तर धन शून्य आणि ऋण शून्य यांची बिटरचना वेगळी असते हे लक्षात ठेवावे, अन्यथा सममितीच्या प्रतलावर मेश उसवलेलीच राहते. टेक्स्चरच्या (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राच्या) शिवणीमुळे, म्हणजे चित्राचे तुकडे जेथे भेटतात त्या कडांमुळे, दुहेरी झालेले शिरोबिंदूही जोडणीपुरते एकच मानावेत आणि शिवण कोणत्या कडांवर आहे हे प्रत्येक कडेमागे एका बिटाने वेगळे नोंदवावे. शिवणी विरळ असल्याने अरिथमेटिक कोडिंगनंतर, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हांना बिटाहूनही कमी जागा देणाऱ्या पद्धतीनंतर, ही नोंद फार लहान होते. एका कडेला तीन त्रिकोण चिकटलेले असतील, तर तेथे मेश कापून मॅनिफोल्ड करावी, म्हणजे प्रत्येक कडेला जास्तीत जास्त दोन त्रिकोण राहतील असे पाहावे, आणि कापलेले बिंदू पुन्हा जोडण्याची माहिती सोबत ठेवावी.

आता फेरीचा भाग, म्हणजे मेशचे सर्व त्रिकोण एकामागून एक कोणत्या क्रमाने भेटायचे ते. जारेक रॉसिन्याक यांनी १९९९ मध्ये मांडलेली एजब्रेकर पद्धत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जाते आणि प्रत्येक पावलाला सी, एल, ई, आर, एस यांपैकी एक चिन्ह लिहिते. सी म्हणजे नवा शिरोबिंदू भेटला. एल म्हणजे डावीकडचा शेजारी आधीच पाहिलेला, आर म्हणजे उजवीकडचा, ई म्हणजे दोन्ही, आणि एस म्हणजे शिरोबिंदू जुना पण दोन्ही शेजारी न पाहिलेले. बंद मेशमध्ये त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या सुमारे दुप्पट असते, म्हणून जवळपास निम्मी चिन्हे सी असतात. सी साठी १ बिट आणि उरलेल्या चारांसाठी प्रत्येकी ३ बिट दिले, की त्रिकोणामागे सरासरी २ बिट होतात. बनीसाठी हे सुमारे १७,३६३ बाइट झाले. त्याच्या तळाशी असलेल्या छिद्रांची नोंद यात थोडी भर घालते.

यात सुधारणा करण्यासाठी चिन्हांचा क्रम नीट पाहावा. सी नंतर पुढचे पाऊल त्याच त्रिकोणाच्या उजव्या कडेवरून पडते. तेथे एल आला असता, तर नवा त्रिकोण सी-त्रिकोणाच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही कडांना चिकटला असता, म्हणजे दोघांचे तिन्ही शिरोबिंदू एकच झाले असते. ई बाबतही हेच घडते. म्हणून सी नंतर सी, आर आणि एस एवढेच शक्य राहतात, आणि त्या जागी आर व एस यांना ३ ऐवजी २ बिट पुरतात. हाच विचार पुढे नेऊन मागील एक-दोन चिन्हांवर आधारित संभाव्यता ठेवणारा अनुकूली अरिथमेटिक कोडर बसवावा.

मेश नियमित असेल, तर टूमा आणि गॉट्समन यांची १९९८ ची व्हॅलन्स पद्धत मला अधिक आवडते. तीत चिन्हांऐवजी प्रत्येक शिरोबिंदूला किती कडा मिळतात तो आकडा लिहिला जातो. मोठ्या बंद मेशमध्ये ही सरासरी ६ च्या जवळ असते. समजा ८० टक्के आकडे ६ आहेत आणि ५ व ७ प्रत्येकी १० टक्के आहेत. तर शिरोबिंदूमागे सुमारे ०.९२ बिट पुरतात. टट यांनी १९६२ मध्ये केलेल्या मोजणीवरून सर्वसाधारण त्रिकोणीकरणासाठी शिरोबिंदूमागे सुमारे ३.२४५ बिटांची सीमा निघते, पण ती सर्व शक्य मेशना एकसारखे वजन देऊन काढलेली आहे. आपल्या हातातील मेश त्याहून सुबक असेल, तर तिला त्या सीमेखाली जाण्यास काहीच आडकाठी नाही.

या पद्धतीत महाग पडते ते विभाजन, म्हणजे फेरीची सीमा (पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या त्रिकोणांमधली कडांची रेषा) स्वतःलाच येऊन भिडते तो प्रसंग, कारण तेव्हा सीमेवरील स्थान वेगळे लिहावे लागते. अलिए आणि देब्रुन यांनी २००१ मध्ये सुचवलेला उपाय सोपा आहे: पुढचा केंद्रबिंदू, म्हणजे ज्याच्याभोवती फेरी पुढे जाईल तो सीमेवरील शिरोबिंदू, निवडताना ज्याच्या सर्वांत कमी कडा मोकळ्या (अजून न पाहिलेल्या) आहेत तो घ्यावा. त्यामुळे सीमा गुळगुळीत राहते, खोल खाचा पडत नाहीत आणि विभाजने घटतात.

स्वतः लिहिण्याऐवजी गुगलचे ड्रॅको हे मेश आकुंचित करणारे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर वेगाची पातळी तपासावी, कारण सर्वांत वेगवान पातळीवर ते एजब्रेकर सोडून क्रमवार पद्धत घेते, जी त्रिकोणांचे शिरोबिंदू क्रमांक एकामागून एक लिहिते.

शेवटी पडताळणी करावी. क्रमांक बदललेले असल्याने दोन्ही फाइली थेट ताडून पाहता येत नाहीत. एन्कोडरने वापरलेला क्रमपर्याय मूळ मेशला लावावा, प्रत्येक त्रिकोण फिरवून सर्वांत लहान क्रमांक पुढे आणावा, याद्या क्रमाने लावाव्यात आणि मग तुलना करावी. ४, ९, २ आणि ९, २, ४ हे दोन्ही फिरवल्यावर २, ४, ९ होतात आणि जुळतात. परंतु ४, २, ९ चे २, ९, ४ होते, म्हणजे तो त्रिकोण उलटा झाला आहे आणि डीकोडरमध्ये डावी-उजवी बाजू कोठेतरी अदलाबदल झाली आहे.